गुडघाभर उंचीचं जंगल

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या आमच्याकडे सोलापूरला राहायला आला होता. वय वर्षं बारा. किल्ला करून झाला, फराळ खाऊन झाला, फटाके संपले. मग एका संध्याकाळी त्याने टीव्हीवर एक माहितीपट पाहिला आणि आमच्या घरात जंगलच शिरलं म्हणा ना!

माहितीपट होता विषुववृत्ताजवळच्या वर्षावनांचा. आफ्रिकेतल्या घाना देशात काकुम नावाचं अरण्य आहे. तिथे १९९५ पासून झाडांच्या शेंड्यांमधून दोरांचा आणि फळ्यांचा झुलता पूल बांधलेला आहे. लांबी साधारण साडेतीनशे मीटर आणि जमिनीपासून उंची काही ठिकाणी चाळीस मीटरपर्यंत. म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून चालल्यासारखंच, फक्त गच्ची हलणारी!

तुम्ही म्हणाल, एवढ्या उंचीवर कशाला चढायचं? तर वर्षावनाचा खरा बाजार भरतो तो वरच्या मजल्यावर. झाडांच्या माथ्यांचं तिथे एक सलग छत तयार झालेलं असतं. बहुतेक सगळं ऊन ते छतच पिऊन टाकतं आणि जमिनीपर्यंत शंभरातला एखाद-दुसरा हिस्सा पोहोचतो. पानं वर, फुलं वर, फळं वर, म्हणून ती खाणारेही वर. मध्य अमेरिकेतल्या पनामा देशात टेरी एरविन नावाच्या शास्त्रज्ञाने एकाच जातीच्या एकोणीस झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले किडे गोळा करून मोजले. एकट्या भुंगेऱ्यांच्याच जाती निघाल्या अकराशेहून जास्त! १९८२ साली हे छापून आलं तेव्हा जगभरचे कीटकशास्त्रज्ञ डोकं धरून बसले होते.

तर हे सगळं पाहून आमच्या चिरंजीवांचा प्रश्न आला, "काका, आपल्या सोलापुरात असं जंगल का नाही? असा पूल का नाही? इथे नुसतं ऊनच ऊन!"

प्रश्न रास्त होता. अशा जंगलाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर तरी पाऊस लागतो, तोही बाराही महिने वाटून आलेला. आपल्या सोलापूरला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि त्यातही पावसाची मर्जी! महाराष्ट्रात घनदाट सदाहरित रान पाहायचं तर आंबोलीला, कोयनेला किंवा चांदोलीला जायला हवं.

"पूल नाही," मी म्हटलं, "पण जंगल आहे. उद्या पहाटे पाचला उठशील तर दाखवतो. फक्त एक अट. त्या जंगलात वर चढायचं नाही, पोटावर झोपायचं."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही माझ्या जुन्या दुचाकीवरून बार्शी रस्त्याला लागलो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या, एक दुर्बीण, चार मीटर सुतळी आणि चार खिळे. सुतळी आणि खिळे कशाला ते पुढे कळेलच. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज नावाचं गाव आहे. द्राक्षं खाणाऱ्यांनी या गावाला खरं तर नमस्कार करायला हवा. सोनाका हे लांबट मण्यांचं द्राक्ष इथलंच. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतून निवडून ते तयार केलं. पण आम्ही चाललो होतो ते द्राक्षांसाठी नव्हे. नान्नजजवळ माळढोक पक्षी अभयारण्य आहे आणि तिथेच ते गुडघाभर उंचीचं जंगल आहे.

अभयारण्याच्या चौकीवर वनरक्षकमामांनी नाव लिहून घेतलं आणि पुतण्याच्या पायाकडे पाहिलं. "बूट हाईत न्हवं? बरं केलंस. गवतात फुरसं असतंय. पाऊल आपटत चालायचं, दगड उचलायचा न्हाई, आन् मी म्हणल तिथंच बसायचं. काय?" पुतण्याने मान हलवली. फुरसं म्हणजे छोटा पण जहाल विषारी साप, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच जंगलात आल्यासारखा झाला!

सूर्य नुकता वर येत होता. समोर नजर पोहोचेल तिथवर सोनेरी गवत, मध्येच एखादी बोर, एखादी बाभूळ आणि क्षितिजाला टेकलेलं मोठं आभाळ. गवत वाऱ्याबरोबर असं वाकत होतं, की कुणी त्याच्यावरून हात फिरवतंय. पुतण्या पाच मिनिटं पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, इथे तर काहीच नाही."

असंच म्हणतात सगळे. मोठमोठे लोकसुद्धा. सरकारी कागदांत अशा माळांना वर्षानुवर्षं 'पडीक' असं नाव आहे. पडीक म्हणजे ज्यात काही नाही ते.

मामांनी दाखवलेल्या जागी आम्ही काठीने नीट आपटून घेतलं आणि खिळे रोवून सुतळीची एक चौकट आखली. प्रत्येक बाजू एक मीटर. "आता झोप पोटावर," मी म्हटलं, "आणि या चौकटीत काय काय आहे ते वहीत लिही. अर्धा तास. बोलायचं नाही."

गवताचा किंवा वर्षावनाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही हेच करतात, बरं का. अख्खं रान कुणाला मोजता येत नाही. म्हणून इथे-तिथे अशा चौकटी टाकायच्या, प्रत्येकीत काय आहे ते मोजायचं आणि त्यावरून सगळ्या रानाचा हिशेब करायचा. पनामातल्या बार्रो कोलोरॅडो नावाच्या बेटावर तर पन्नास हेक्टरची एकच चौकट आहे! तिच्यातली करंगळीहून जाड सगळी झाडं दर काही वर्षांनी पुन्हा मोजतात. आमची चौकट एक मीटरची. पण काम तेच.

पहिली पाच मिनिटं पुतण्या चुळबुळत होता. मग हळूहळू गप्प झाला. मग त्याचं पेन्सिल चालवणं थांबेचना.

अर्ध्या तासाने त्याच्या वहीत जे होतं त्यातलं थोडं सांगतो. गवताचे चार प्रकार. नावं आम्ही मामांना विचारली. कुसळी, पवन्या, मारवेल. चौथ्याचं नाव त्यांनी 'डोंगरी' सांगितलं. गवतांच्या तुऱ्यांमध्ये कोळ्याची दोन जाळी, दवाने भिजलेली. त्याखाली देठांवर सात नाकतोडे, त्यातले तीन हिरवे आणि चार वाळक्या गवताच्या रंगाचे. हिरव्या पात्यावर एक प्रार्थनाकीटक, हात जोडून नाकतोड्याची वाट बघत. जमिनीवर मुंग्यांची दोन वेगळी गावं. एका वाळक्या काडीवर मातीचा लेप, म्हणजे आत वाळवी. आणि शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारा एक शेणकिडा. हा गडी चौकटीच्या एका बाजूने आत आला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. त्यामुळे त्याला मोजायचं की नाही यावर आमचा वाद झाला. (मोजला.)

"काका, हे वरच्यासारखंच आहे की! वर एक मजला, मधे एक मजला, तळमजला..." तो म्हणाला.

"आणि तळघर," मी म्हटलं.

कारण या रानाचं सगळ्यात मोठं दालन आहे ते जमिनीखाली. वर्षावनाची गंमत अशी, की त्याची बहुतेक श्रीमंती वर, झाडांमध्ये साठवलेली असते. खालची माती पुष्कळदा गरीबच. झाडं तोडली की दोन-चार वर्षांत तिथे धड पीकही येत नाही. गवताळ माळाचं उलटं. वर जेवढं गवत दिसतं, त्याहून बहुधा जास्त त्याच्या मुळांचं जाळं खाली असतं. पावसाने दडी मारली, उन्हाने वरचं सगळं करपलं, तरी खाली जीव शाबूत. शिवाय गवत वाढतं ते शेंड्याकडून नाही, बुडख्याकडून. झाडाचा शेंडा खुडला की फांदीची वाढ तिथे थांबते. गवताचा शेंडा शेळीने खाल्ला, काळविटाने खाल्ला, वणव्यात जळाला तरी बुडातून नवं पातं वर येतंच. साडेपाचशे मिलिमीटर पावसात, मुरमाड मातीच्या पातळ थरावर, खाली काळा कातळ असताना टिकून राहायचं तर हीच युक्ती हवी.

दुसरी युक्ती पुतण्याच्या मोज्यांना कळली होती. त्याचे दोन्ही मोजे कुसळांनी भरले होते! तुम्ही माळावर गेला असाल तर कुसळ काय असतं ते पोटऱ्यांना विचारा. कुसळीच्या बीला एका टोकाला सुईसारखी अणी आणि दुसऱ्या टोकाला लांब, पिळलेली शेपटी असते. ती शेपटी ओली झाली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. रात्री दव पडतं, दिवसा ऊन पडतं. पीळ सुटतो, बसतो, सुटतो, बसतो. त्याबरोबर बी गोल फिरतं आणि सुताराच्या गिरमिटासारखं मातीत घुसतं. अणीवर मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे एकदा घुसलेलं बी परत बाहेर येत नाही. मी एका कुसळावर बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाकला आणि ते तळहातावर ठेवलं. काही क्षणांत ते सापासारखं वळवळायला लागलं. पुतण्या ओरडलाच, "जिवंत आहे!"

"आरडायचं न्हाई रं बाळा," मामा हळूच म्हणाले. "चला, मनोऱ्यावर बसू. ऊन चढायच्या आत कायतरी दिसलं तर दिसंल."

त्यांच्या त्या 'कायतरी' मध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. पुतण्याला नव्हतं. आता ते तुम्हाला सांगायला हवं.

१९९१ सालची गोष्ट. मी सातवीत होतो. ऑगस्टमध्ये आमच्या सरांनी आम्हा आठ मुलांना इथे आणलं होतं. पाऊस होऊन गेला होता, माळ हिरवागार होता. दगड आणि गवताने शाकारलेल्या एका लपणात आम्ही एकमेकांना चिकटून बसलो होतो. खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबायचा, अशी सरांची आज्ञा! दीड तास काही नाही. आणि मग लांबून आवाज आला. मोठ्या माठात तोंड घालून कुणी 'हूं' म्हणावं तसा. कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येणारा. माळढोकाला काही भागांत 'हूम' म्हणतात ते याचसाठी.

मग तो दिसला. माळावरच्या एका उंचवट्यावर नर माळढोक उभा होता. जवळजवळ मीटरभर उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. त्याने गळ्याची पिशवी फुगवली. ती इतकी फुगली, की पार गुडघ्यांच्या खाली लोंबायला लागली. शेपूट पाठीवर उलटी उभारली. आणि तसाच, एखाद्या जाडजूड सरदारासारखा, तो सावकाश येरझाऱ्या घालू लागला. मादीने पाहावं म्हणून हा सगळा थाट. मादी कुठे होती कोण जाणे. आम्ही आठ जण मात्र श्वास रोखून पाहत होतो. पुढे कितीतरी वर्षं शाळेत कुणी फुशारकी मारली की आम्ही म्हणायचो, "माळढोक झालाय याचा!"

दोस्तांनो, माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांमधला जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. आता त्याचे पाय ऐका. तुमच्या अंगणातल्या चिमणीच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. त्या मागच्या बोटाने ती फांदी घट्ट धरते. माळढोकाला मागचं बोटच नाही! म्हणून तो झाडावर बसू शकत नाही. वर्षावनातल्या कुठल्याही झाडाचा, कुठल्याही फांदीचा त्याला काडीचा उपयोग नाही. त्याला हवी सपाट, मोकळी, गवताची जमीन. तिथेच चालायचं, तिथेच नाकतोडे, भुंगेरे, सरडे आणि बोरं खायची, तिथेच उघड्यावर अंडं घालायचं. वर्षाला बहुधा एकच अंडं. मादी साधारण सत्तावीस दिवस त्यावर बसते, आणि पिल्लू बाहेर आलं की लगेच तिच्या मागे चालू लागतं.

नान्नजच्या माळावर हे पक्षी आहेत ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली ती १९७० च्या दशकात, सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे. १९७९ साली इथे अभयारण्य झालं. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी नान्नजला महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून माळढोकांचा अभ्यास करत होते. वर्षावनातले शास्त्रज्ञ झुलत्या पुलावर बसतात. हे लोक उन्हात तापलेल्या लपणात बसायचे. कुठला नर कुठल्या उंचवट्यावर नाचतो, मादी कुठे अंडं घालते, गुरं किती जवळ आली की ती उठते, सगळं वेळ लावून टिपायचं. पुढे लांडग्यांचाही इथे असाच अभ्यास झाला. लांडग्याची वाळलेली विष्ठा गोळा करून धुवायची, त्यातले केस वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवायचं, की हा केस काळविटाचा, सशाचा की धनगराच्या मेंढीचा. ज्यांना शास्त्रज्ञ व्हायचंय त्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं!

आता पुढचं सांगणं थोडं जड आहे.

१९६९ साली सगळ्या भारतात साधारण साडेबाराशे माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ही संख्या दीडशेच्या आसपास आहे, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. भारताबाहेर जवळजवळ नाहीतच. म्हणजे तुमच्या शाळेतल्या तीन-चार वर्गांत जेवढी मुलं असतील, तेवढेच पक्षी सगळ्या जगात. नान्नजला अलीकडच्या गणनांमध्ये कधी एखाद-दुसरा दिसतो, कधी तोही नाही.

असं का झालं? एकच चोर पकडून दाखवता येत नाही. पूर्वी शिकार होत असे. नंतर माळ कमी झाले. माळढोक जुन्या शेतीशी जुळवून राहत होता. मालदांडी ज्वारी, भुईमूग, करडई यांच्या शेतांत तो किडे टिपायला बिनधास्त यायचा. मग पाणी आलं. पाण्याबरोबर ऊस आला, द्राक्षबागा आल्या. उसाच्या फडात माळढोक शिरू शकत नाही आणि तारा-खांबांच्या द्राक्षमांडवाखालीही नाही. पण शेतकऱ्याला तरी नावं कशी ठेवायची? दुष्काळ पाहिलेल्या माणसाला पाणी मिळालं तर तो ज्वारीच पेरत बसेल का? माझे स्वतःचे मामा ऊस लावतात आणि त्यांच्याकडचा रस मी आनंदाने पितो.

शिवाय सुरुवातीला अभयारण्याची हद्द आखताना भलताच मोठा घास घेतला गेला. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात दोन गोवे मावतील! साहजिकच गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं त्या रेषेच्या आत आलं. जमिनीचा व्यवहार करायचा, बांधकाम करायचं, तर परवानग्या आणि अडचणी. लोक वैतागले, आणि राग निघाला तो बिचाऱ्या पक्ष्यावर. पुढे ही हद्द कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटर करण्यात आली. मला विचाराल तर आधीच छोटं पण नीट राखलेलं अभयारण्य केलं असतं, तर माणसांचं आणि माळढोकाचं एवढं वाकडं आलं नसतं.

आणि एक चूक तर प्रेमापोटी झाली. 'झाडे लावा, झाडे जगवा' हे आपण सगळे घोकत आलो. त्यामुळे या माळावरही झाडं लावली गेली. ग्लिरिसिडियासारखी भराभर वाढणारी परदेशी झाडं. पण ज्याला मागचं बोटच नाही, ज्याला लांबवर मोकळं दिसल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही, त्याला त्या झाडांचं काय? झाडांच्या आडोशाला शत्रू लपतो एवढंच त्याला कळतं. पुढे ही झाडं काढायला घ्यावी लागली. माळावरची झाडं तोडणं हेही कधी कधी रान वाचवणंच असतं, हे आमच्या पुतण्याच्या गळी उतरायला बराच वेळ लागला. पर्यावरणाच्या पेपरात त्याने याच्या बरोबर उलटं लिहून दहापैकी नऊ मिळवले होते!

सगळ्यात वाईट म्हणजे विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. बाजूचं त्याला छान दिसतं, पण नाकासमोरचं कमी. आणि एवढं जड धूड हवेत पटकन वळवता येत नाही. तार दिसेपर्यंत तो तिच्यावर आदळलेला असतो. राजस्थानात वाळवंटातल्या वीजवाहिन्यांनी असे कितीतरी पक्षी मेले. हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ साली न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पण सगळीकडे ते जमण्यासारखं नाही, आणि सौरऊर्जा, पवनऊर्जाही देशाला हवी, म्हणून २०२४ साली तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. बघा, दोन्ही बाजूंना पर्यावरणच! न्यायाधीशांना जे सोपं गेलं नाही, ते तुम्हा-आम्हाला कुठलं सोपं जायला?

तर आम्ही मनोऱ्यावर बसलो होतो.

साडेसात वाजता काळविटांचा कळप आला. पुढे तपकिरी माद्या, मागे पिळाच्या शिंगांचा काळा नर. एक मादी कशाला तरी बिचकली आणि सगळा कळप चेंडू टप्पे घेतात तसा उड्या मारत गेला. खालच्या पायवाटेच्या धुळीत मामांनी लांडग्याच्या पावलांचे ठसे दाखवले, पहाटेचेच होते. चंडोल गात गात सरळ वर चढत होता आणि दगडासारखा खाली येत होता. मग गवतावरून अगदी खालून, पंख वर धरून, तरंगत तरंगत एक शिकारी पक्षी आला.

"भोवत्या," मी म्हटलं. "हा पाहुणा आहे. कझाकस्तानच्या बाजूने येतो. हजारो किलोमीटर."

"एवढ्या लांबून? कशासाठी?"

"तुझ्या चौकटीतल्या नाकतोड्यांसाठी."

पुतण्याने वही उघडून नाकतोड्यांच्या आकड्याभोवती गोल केला. दिवसभर हे भोवत्ये असे माळावर घिरट्या घालतात आणि संध्याकाळी एकमेकांपासून थोड्या अंतरावर जमिनीवरच, गवतात झोपतात. यांनाही झाड नको. नान्नजचा माळ पडीक म्हणून नांगरला, तर कझाकस्तानातल्या पक्ष्याची खाणावळ बंद होते.

साडेदहा वाजले. हवा थरथरायला लागली. माळढोक आला नाही.

खाली चौकीत आम्ही भाकरी सोडली. मामांनी चटणीत तेल घालून घेतलं आणि आपली नोंदवही पुढे ओढली. तारीख, वेळ, ठिकाण, काळवीट, लांडगा, खोकड, इतर असे रकाने होते. पहिला रकाना माळढोकाचा. मामांनी त्यात एकच शब्द लिहिला, निरंक. पुतण्याने वाकून पाहिलं. वरच्या ओळीत निरंक. त्याच्या वर निरंक. त्याने विचारलं, "पान उलटू?" मामा म्हणाले, "उलट की." त्याने तीन पानं उलटली. मग वही हळूच मिटून ठेवली.

"मामा, रोज नाहीच दिसत तर रोज कशाला लिहिता?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "न्हाई लिहिलं तर, न्हाई दिसला का बघायलाच कोन गेलं न्हाई, हे कसं कळायचं?"

परतताना मी पुतण्याला राजस्थानची बातमी सांगितली. जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे. आता तिथे पन्नासहून जास्त पक्षी आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तर कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. "मग ते मोठे झाले की इकडे आणतील?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आणायचे तर सोडायचे कुठे, हे आधी तयार हवं. केंद्रात पक्षी वाढवता येतो, माळ नाही वाढवता येत.

आणखी एक सांगायचं राहिलं. ज्यांनी आम्हाला मराठीत रान वाचायला शिकवलं ते मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचेच. इथे १९३२ साली जन्मले, वनखात्यात आयुष्य काढलं, विदर्भाची अरण्यं पायाखाली घातली, अखेरच्या वर्षांत पुन्हा सोलापुरात आले आणि १८ जून २०२५ रोजी इथेच गेले. कावळ्या-बगळ्यांच्या वसाहतींना मराठीत शब्द नव्हते, ते त्यांनी घडवले. काकागार, सारंगागार. घरी पोहोचल्यावर पुतण्याला मी त्यांचं 'पक्षी जाय दिगंतरा' कपाटातून काढून दिलं. पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो मोजे काढून पायरीवर बसला होता.

अभयारण्यातून काडीसुद्धा उचलून आणायची नसते, हा नियम मी त्याला जाताना दहादा बजावला होता. पण मोज्यात अडकून जे आलं त्याला काय करणार? त्याने चिमट्याने पाच कुसळं काढली. तुळशीच्या शेजारच्या रिकाम्या कुंडीत माती होती, ती थोडी मोकळी केली, त्यावर पाचही कुसळं आडवी ठेवली आणि पाण्याचा हबका मारला. दुपारी ऊन लागलं. संध्याकाळी त्याने पुन्हा हबका मारला. रात्री झोपताना एकदा बॅटरी घेऊन पाहून आला.

सकाळी आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. पाचातली दोन वाऱ्याने कुठेतरी उडाली होती. उरलेली तीन मातीत डोकं खुपसून, शेपट्या वर करून उभी होती. पुतण्याने वही आणली, तारीख टाकली, रकाना आखला आणि लिहिलं, कुसळी, तीन.